नाममुद्रेचे क्रियापद : ‘व्हॉट्सअ‍ॅप करणे’, ‘गूगल करणे’ आणि मराठीची पचनशक्ती — एक चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर ‘अर्जासोबत गुणपत्रिकेची छायांकित प्रत जोडावी’ असे लिहिलेले असते. ती सूचना वाचून विद्यार्थी समोरच्या दुकानात जातो आणि ‘दोन झेरॉक्स काढा’ असे म्हणतो. फलकावरचा शब्द शासनमान्य आहे, दुकानातला शब्द एका अमेरिकन कंपनीचे नाव आहे. दोन्ही शब्दांनी काम होते, परंतु तोंडातून निघतो तो दुसराच. अलीकडे तर हाच विद्यार्थी पुढे म्हणतो, ‘सर, एक प्रत मला व्हॉट्सअ‍ॅप करा ना.’ येथे कंपनीचे नाव केवळ वस्तूचे नाव म्हणून आलेले नाही. ते क्रियापदाच्या जागी येऊन बसले आहे.

ब्रँड, म्हणजेच नाममुद्रा, ही मुळात एका विशिष्ट उत्पादकाची ओळख होय. व्याकरणाच्या भाषेत ते विशेषनाम. विशेषनामाचे सामान्यनाम होणे ही मराठीला अपरिचित गोष्ट नाही. मात्र विशेषनामाचे क्रियापद होणे ही त्याच्या पुढची पायरी आहे. समाजमाध्यमांच्या काळात ही पायरी वारंवार ओलांडली जाताना दिसते. या घटनेकडे आपल्याकडे साधारणपणे दोन प्रकारे पाहिले जाते. एक दृष्टी ‘मराठी बिघडली’ म्हणून खंत करते. दुसरी ‘भाषा प्रवाही असते’ असे म्हणून विषय संपवते. पहिली दृष्टी शब्द कसा आला ते पाहत नाही, आणि दुसरी त्या शब्दाने काय नेले ते पाहत नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही दृष्टींची मर्यादा ध्यानात घेऊन, अशी क्रियापदे मराठीत कोणत्या व्याकरणिक मार्गाने घडतात, कोणती नावे क्रियापदे होतात व कोणती होत नाहीत, आणि त्यातून मराठीच्या अर्थव्यवहारात कोणता बदल संभवतो, याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचनासाठी घेतलेली वाक्ये नागपूर परिसरातील रोजच्या बोलण्यातली आहेत.

वस्तूंची नावे आणि कृतींची नावे

विसाव्या शतकात मराठी घरात शिरलेल्या नाममुद्रांची यादी केली तर एक गोष्ट लक्षात येते. १९३७ मध्ये बाजारात आलेला ‘डालडा’ कोणत्याही वनस्पती तुपाचे नाव झाला. दात घासण्याची कोणतीही पेस्ट ‘कोलगेट’ झाली, बाटलीतले कोणतेही पाणी ‘बिसलेरी’ झाले आणि १९७२ नंतर पायडल असलेली कोणतीही छोटी गाडी ‘लूना’ झाली. अलीकडच्या काळात माती उपसणारे कोणतेही यंत्र ‘जेसीबी’ झाले आहे. ही सर्व नावे सामान्यनामे झाली, क्रियापदे झाली नाहीत. आपण डालडा वापरतो, कोलगेट लावतो, बिसलेरी विकत घेतो, जेसीबी बोलावतो. कृतीचे नाव मराठीच राहिले, फक्त वस्तूचे नाव बदलले.

याचे कारण उघड आहे. या कंपन्या वस्तू विकत होत्या. ती वस्तू घेऊन काय करायचे हे घरातल्या माणसाला आधीच माहीत होते. तळणे, घासणे, पिणे, खणणे या कृती जुन्याच होत्या. समाजमाध्यमांच्या व संगणकीय सेवांच्या कंपन्या वस्तू विकत नाहीत. त्या कृतीच पुरवतात. शोधणे, पाठवणे, दाखवणे, पैसे देणे या कृती त्यांच्यामार्फत घडतात, आणि म्हणून कृतीवरच त्यांचे नाव उमटते. एका काळातील नाममुद्रा मराठी वाक्याच्या कर्मस्थानी बसली आणि दुसऱ्या काळातील नाममुद्रा क्रियास्थानी बसली, हा फरक केवळ भाषेचा नसून बाजाराच्या स्वरूपातील बदलाचा निदर्शक आहे.

या दोन काळांना जोडणारा दुवा म्हणजे ‘झेरॉक्स’. चेस्टर कार्लसन यांनी १९३८ मध्ये कोरड्या पद्धतीने प्रत काढण्याचा पहिला यशस्वी प्रयोग केला. ग्रीक भाषेतील ‘कोरडा’ या अर्थाच्या शब्दावरून या पद्धतीला नाव मिळाले व १९५९ मध्ये ‘९१४’ हे प्रसिद्ध यंत्र जाहीर झाले. यंत्र ही वस्तू खरी, पण सामान्य माणसाने ती कधी विकत घेतली नाही. त्याने विकत घेतली ती प्रत काढून देण्याची सेवा. म्हणूनच ‘झेरॉक्स’ हा शब्द मराठीत यंत्राचे, प्रतीचे, दुकानाचे आणि कृतीचे असे चारही अर्थ देऊ लागला. प्रत या शब्दाचे स्त्रीलिंगही त्याने घेतले. ‘ती झेरॉक्स कुठे ठेवली?’ असे आपण विचारतो, ‘तो झेरॉक्स’ असे म्हणत नाही.

प्रयोगाची कसोटी

एखादे नाव खरोखर क्रियापदाचा भाग झाले आहे की केवळ ‘करणे’ या क्रियापदाचे कर्म आहे, हे कसे ठरवावे? मराठीने यासाठी एक नेमकी कसोटी आपल्या हाती दिली आहे. ती म्हणजे भूतकाळातील कर्मणी प्रयोग. कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. मोरो केशव दामले यांच्या १९११ मधील ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून शालेय व्याकरणापर्यंत सर्वत्र हा नियम शिकवला जातो. तो येथे लावून पाहू.

‘मी झेरॉक्स काढली.’ या वाक्यात ‘काढली’ हे रूप ‘झेरॉक्स’ या स्त्रीलिंगी नामाप्रमाणे आले आहे. म्हणजे झेरॉक्स हे कर्म आहे, क्रियापद ‘काढणे’ हे आहे. परंतु ‘मी सगळे कागद झेरॉक्स केले’ या वाक्यात ‘केले’ हे रूप ‘कागद’ या अनेकवचनी नामाप्रमाणे आले. येथे झेरॉक्स कर्म उरले नाही. ‘झेरॉक्स करणे’ असे एक संयुक्त क्रियापद तयार झाले आणि त्याने ‘कागद’ हे आपले स्वतंत्र कर्म घेतले.

आता पुढील वाक्ये पाहावीत. ‘मी फोटो व्हॉट्सअ‍ॅप केला.’ ‘मी यादी व्हॉट्सअ‍ॅप केली.’ ‘मी वेळापत्रक व्हॉट्सअ‍ॅप केले.’ तीनही वाक्यांत क्रियापदाचे रूप फोटो, यादी व वेळापत्रक यांच्या लिंगानुसार बदलले आहे. व्हॉट्सअ‍ॅप या शब्दाचे स्वतःचे लिंग येथे पूर्णतः गैरलागू ठरले. ‘दुकानदाराला शंभर रुपये फोनपे केले’ या वाक्याचेही तसेच. या कसोटीवर ही नावे क्रियापदाचा भाग झाली आहेत यात शंका राहत नाही. बोलणाऱ्याने व्याकरण शिकलेले असो वा नसो, तो हा नियम चुकत नाही. बाहेरचा शब्द आला तो मराठीच्या अटी मान्य करूनच आला.

जुनीच वाट

ही वाट नवी नाही, हे भाषाशुद्धीच्या चर्चेत बहुधा विसरले जाते. ‘खर्च’ हा शब्द फारसीमार्गे मराठीत आला. ‘मी खर्च केला’ या वाक्यात तो कर्म आहे, तर ‘मी सगळी रक्कम खर्च केली’ या वाक्यात तो क्रियापदाचा भाग आहे. यादी व्हॉट्सअ‍ॅप केली आणि रक्कम खर्च केली या दोन वाक्यांची घडण एकच आहे. जमा करणे, दाखल करणे, मंजूर करणे, माफ करणे, सुरू करणे ही ‘करणे’च्या आधाराने रुजलेली क्रियापदे आज कोणाला परकी वाटत नाहीत. महाविद्यालयाच्या कार्यालयातला एक दिवसही त्यांच्यावाचून जाणार नाही.

यापुढची पायरी म्हणजे ‘करणे’चा आधार सोडून नामालाच धातूचे रूप देणे. मराठीत लाज वरून लाजणे, पाणी वरून पाणावणे, आळस वरून आळसावणे असे नामधातू आहेत. परभाषेतून आलेल्या शब्दांनाही हे भाग्य लाभले आहे. खर्च वरून खर्चणे, बदल वरून बदलणे, कबूल वरून कबुलणे ही रूपे त्याचीच साक्ष देतात. समाजमाध्यमीय नावांपैकी ही पायरी आजवर ठळकपणे गाठली आहे ती ‘गूगल’ने. ‘जरा गुगलून बघ’, ‘मी गुगललं, पण सापडलं नाही’ अशी रूपे तरुणांच्या लेखनात व बोलण्यात येतात. येथे पहिल्या अक्षराचा दीर्घ उकार ऱ्हस्व झाला आहे आणि ‘ऊन’, ‘लं’ हे मराठी प्रत्यय थेट लागले आहेत. व्हॉट्सअ‍ॅप या शब्दाला हे साधलेले नाही. त्याच्या शेवटी असलेला ‘अ‍ॅप’ आणि मध्यावरचे जोडाक्षर मराठी धातूच्या उच्चारात बसत नाहीत. धातू होण्यासाठी लोकप्रियता पुरत नाही, शब्दाच्या ध्वनींनाही मराठीत जागा सापडावी लागते.

इंग्रजीत हाच प्रवास फार सुलभ झाला. तेथे नाम जसेच्या तसे क्रियापद म्हणून वापरता येते. २००६ मध्ये ‘गूगल’ हे क्रियापद प्रतिष्ठित इंग्रजी शब्दकोशांत दाखल झाले. मराठीत मात्र प्रत्येक परक्या नावाला आधी ‘करणे’च्या दारात उभे राहावे लागते. हे दार रुंद आहे, पण ते आहे. तेथून आत येणारा शब्द काळ, पुरुष, लिंग, वचन या सर्व बाबतींत मराठी क्रियापदाच्या स्वाधीन होतो.

‘करणे’ आणि ‘वर टाकणे’

समाजमाध्यमांची सर्वच नावे क्रियापदे झाली असे मात्र नाही, आणि हा फरक अर्थपूर्ण आहे. ‘मला फोटो व्हॉट्सअ‍ॅप कर’ असे आपण म्हणतो. ‘मला फोटो फेसबुक कर’ असे म्हणत नाही. तेथे ‘फेसबुकवर टाक’ असे म्हटले जाते. इन्स्टावर टाकणे, यूट्यूबवर बघणे, टेलिग्रामवर मिळणे ही रूपेही अशीच. ‘वर’ या शब्दयोगी अव्ययाने ही नावे स्थळवाचक केली आहेत. फलकावर लिहावे, ओट्यावर बसावे, चव्हाट्यावर आणावे, त्याच पंक्तीत फेसबुकवर टाकणे येते.

यातून एक नियम सुचतो. ज्या सेवेत कृती मुख्यतः एकच आहे आणि ती कोणा एकाकडे रोखलेली आहे, तिचे नाव क्रियापद होते. एकाने दुसऱ्याला निरोप पाठवणे, एकाने दुसऱ्याला पैसे देणे, एका शब्दाचा शोध घेणे या अशा कृती आहेत. ज्या सेवेत पाहणे, लिहिणे, भांडणे, मिरवणे अशा अनेक कृती घडतात व समोर समुदाय असतो, तिचे नाव स्थळ होते. व्हॉट्सअ‍ॅपमध्येही हा भेद पाळला जातो, ही गोष्ट विशेष होय. एका व्यक्तीला आपण ‘व्हॉट्सअ‍ॅप करतो’, पण समूहाला ‘ग्रुपवर टाकतो’. कोणत्याही पाठ्यपुस्तकात न शिकवलेला हा विवेक मराठी बोलणाऱ्याने स्वतः घडवला आहे.

‘ट्विट करणे’ हे या नियमाला अपवाद भासते, कारण तेथे समोर समुदाय असूनही क्रियापद घडले. परंतु ते कंपनीच्या नावापासून घडलेले नाही. त्या कृतीला कंपनीनेच वेगळा शब्द दिलेला होता. जुलै २०२३ मध्ये ट्विटरचे नाव ‘एक्स’ झाले. त्यानंतर मराठी वृत्तपत्रांना ‘एक्सवर पोस्ट केली’ असे लिहावे लागले. एका अक्षराच्या नावापासून मराठीत क्रियापद झाले नाही, ते लगेच स्थळ झाले. त्याआधीचे उदाहरण ऑर्कुटचे. २००४ मध्ये सुरू झालेली ही सेवा ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाली आणि तिच्यासोबत ‘स्क्रॅप टाकणे’ हा तेव्हाच्या महाविद्यालयीन तरुणांचा नित्याचा शब्दप्रयोगही गेला. नाममुद्रेच्या आधाराने उभा असलेला शब्द नाममुद्रेबरोबर पडू शकतो. मूळ कंपनीपासून सुटलेला शब्दच टिकतो. यंत्र कोणत्याही कंपनीचे असले तरी आपण झेरॉक्सच काढतो. पैसे कोणत्याही सेवेतून दिले तरी पुष्कळदा ‘फोनपे केले’ असेच म्हणतो. टेलिग्रामवरून पाठवलेल्या निरोपाला मात्र ‘व्हॉट्सअ‍ॅप केले’ असे कोणी म्हणत नाही. म्हणजे व्याकरणाच्या कसोटीवर पूर्ण उतरलेला हा शब्द अर्थाच्या कसोटीवर अद्याप आपल्या मालकाला बांधलेलाच आहे.

नागपुरी बोलीतील रूपे

शब्द पचला की नाही हे प्रमाण भाषेपेक्षा बोलीत अधिक स्पष्ट दिसते. नागपुरी बोलीत अपूर्ण वर्तमानकाळासाठी ‘करून राहिलो’, उच्चारात ‘करून रायलो’, अशी रचना आहे. भाजीबाजारात ‘थांब ना भाऊ, फोनपे करून रायलो’ हे वाक्य सहज ऐकू येते. ‘मले व्हॉट्सअ‍ॅप करून दे’ या वाक्यात चतुर्थीचा ‘ले’ आणि ‘करून देणे’ ही जोडरचना दोन्ही या मातीतल्या आहेत. ‘फोन मार’, ‘चक्कर मार’ यांच्या जोडीला ‘फोनपे मार’ही येते. ‘मारणे’त घाई आणि सलगी आहे, ‘करणे’त तटस्थता आहे. वडीलधाऱ्या माणसाला कोणी ‘फोनपे मारा’ म्हणणार नाही. नव्या शब्दाला बोलीने केवळ प्रत्ययच दिले नाहीत, तर आदर व सलगी यांचे जुने नियमही लागू केले.

येथे या शहराचा भाषिक इतिहासही ध्यानात घ्यावा लागतो. १९५६ पर्यंत नागपूर हे मराठी व हिंदी अशा दोन भाषांच्या प्रांताची राजधानी होते. ‘करणे’ आणि ‘करना’ या दोन सहायक क्रियापदांची ये-जा येथल्या कानांना पिढ्यान्‌पिढ्या सवयीची आहे. त्यामुळे ‘पेटीएम करो’ हे हिंदी जाहिरातवाक्य ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर येथल्या दुकानांत पोहोचले तेव्हा त्याचे ‘पेटीएम करा’ व्हायला काही अडचण पडली नाही. मात्र हे क्रियापद लोकांनी घडवून कंपनीपर्यंत गेले नव्हते, ते कंपनीने घडवून लोकांपर्यंत आणले होते. हा भेद पुढील मुद्द्याकडे नेतो.

शब्दाची मालकी

विसाव्या शतकातील कंपन्या आपले नाव क्रियापद होण्याला भीत असत. नाव सर्वांचे झाले की ते एकट्याचे राहत नाही. अमेरिकेत ‘अ‍ॅस्पिरिन’ व ‘एस्कलेटर’ या नावांवरील हक्क असेच गेले. झेरॉक्स कंपनीने तर आपले नाव क्रियापद म्हणून वापरू नये अशा जाहिराती दिल्या. भारतातील व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ यातही प्रचलित भाषेत रूढ झालेल्या चिन्हांच्या नोंदणीला मज्जाव आहे. तरीही तत्कालीन बौद्धिक संपदा अपील मंडळाने २०१६ मध्ये ‘झेरॉक्स’ हे नाव कंपनीचेच असल्याचे मानले. अमेरिकेतील अपील न्यायालयानेही २०१७ मध्ये, ‘गूगल’ हे क्रियापद म्हणून वापरले जाते एवढ्यावरून ते सामान्यनाम ठरत नाही, असा निर्णय दिला. म्हणजे बोलणाऱ्यांच्या लेखी सार्वजनिक झालेला शब्द कायद्याच्या लेखी खासगीच राहू शकतो.

स्वीडनमधील प्रसंग याहून बोलका आहे. तेथील भाषामंडळाने ‘शोधयंत्रावर न सापडणारे’ या अर्थाचा, गूगलच्या नावापासून बनलेला शब्द नव्या शब्दांच्या यादीत घेतला होता. कंपनीने व्याख्या बदलण्याचा आग्रह धरला. २०१३ मध्ये मंडळाने बदल करण्याऐवजी तो शब्दच यादीतून काढला व आपली नाराजी उघडपणे मांडली. शब्दाचा अर्थ बोलणाऱ्यांनी ठरवावा की मालकाने, हा प्रश्न त्यातून समोर आला.

आपल्याकडे हा प्रश्न पैशांच्या व्यवहारात वेगळ्या रूपात दिसतो. मोबाइलवरून तत्काळ पैसे देण्याची यूपीआय ही व्यवस्था राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ मध्ये उभी केली. हा सर्वांसाठी बांधलेला रस्ता आहे, खासगी सेवा त्यावरून धावणाऱ्या गाड्या आहेत. परंतु बोलण्यात रस्त्याचे नाव त्या मानाने कमी येते, गाडीचे नाव क्रियापद होऊन बसते. गूगलने आपली सेवा सप्टेंबर २०१७ मध्ये ‘तेज’ या नावाने आणली होती. हा शब्द मराठीला ओळखीचा होता, पण ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीने तो बदलला व पुढे ‘जीपे करणे’ रूढ झाले. नाव कोणते असावे हे लोकांनी ठरवले नव्हते, लोकांनी फक्त त्याला ‘करणे’ जोडले. आपली भाषिक सर्जनशीलता येथे प्रत्ययापुरती उरते की काय, ही शंका अस्थानी नाही.

पर्यायी शब्दांचा प्रश्न

यावर पर्यायी शब्द हा उपाय पूर्वीपासून सुचवला जात आहे. सतराव्या शतकातील ‘राज्यव्यवहारकोश’, सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ व माधव ज्यूलियन यांचे भाषाशुद्धीविषयक लेखन ही त्याची परंपरा. सावरकरांचे महापौर, दिग्दर्शक यांसारखे शब्द आज कोणी घडवलेले आहेत याची आठवणही राहत नाही, इतके ते रुळले. नागपूरला तर या बाबतीत स्वतःचा अनुभव आहे. स्वातंत्र्याच्या काळात डॉ. रघुवीर यांचे पारिभाषिक शब्दनिर्मितीचे मोठे कार्य याच शहरातून चालले. संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या आधारे त्यांनी फार मोठी शब्दसंपदा उभी केली.

परंतु या परंपरेचे यश प्रामुख्याने नामांचे यश आहे, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. महापौर हे पद आहे, चित्रपट ही वस्तू आहे. पदांना व वस्तूंना नाव देण्याचा अधिकार संस्थांकडे असतो. क्रियापद मात्र घाईत, दारात उभ्या-उभ्या बोलले जाते. ‘छायांकित प्रत’ अर्जात टिकली, कारण अर्ज शासन छापते. दुकानात ‘छायांकन करून द्या’ असे कोणी म्हणाले नाही.

याउलट लोकांनी गमतीने घडवलेले काही शब्द पाहावेत. फेसबुकसाठी ‘चेहरापुस्तक’ व त्याचे लघुरूप ‘चेपु’, तर व्हॉट्सअ‍ॅपसाठी ‘कायप्पा’. व्हॉट्सअ‍ॅप या नावात ‘काय चाललंय’ अशा अर्थाच्या इंग्रजी विचारणेवर केलेली कोटी आहे. ती मराठीत येताना हरवली. ‘काय, अप्पा?’ या आपल्या विचारणेने ती कोटी पुन्हा जिवंत केली. भाषांतर म्हणून हा शब्द कोणत्याही समितीच्या शब्दापेक्षा सरस आहे. तरीही तो लेखी विनोदापुरता राहिला, सर्वांच्या बोलण्यात रुळला नाही. चांगला शब्द असणे पुरेसे नाही, तो पडद्यावर त्या खुणेखाली लिहिलेला असावा लागतो.

काय हरवते?

येथवरच्या विवेचनावरून मराठीची पचनशक्ती शाबूत आहे असे म्हणता येईल. मग चिंतेचे कारण काय? चिंता शब्दाच्या परकेपणाची नाही. चिंता आहे ती दोन वेगळ्या कृतींना एकच नाव मिळण्याची.

मराठीत शोधणे, हुडकणे, धुंडाळणे, चाळणे, तपासणे, पडताळणे, माग काढणे ही क्रियापदे आहेत. प्रत्येकात श्रमाची व खात्रीची वेगळी मात्रा आहे. चाळणाऱ्याने पाहिले, तपासणाऱ्याने पारखले, पडताळणाऱ्याने दोन गोष्टी समोरासमोर ठेवल्या. ‘गूगल केले’ या शब्दात यांपैकी काय केले ते कळत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ‘संदर्भ : गूगल’ अशी नोंद आढळते ती आळसामुळेच आढळते असे नाही. त्या विद्यार्थ्याच्या भाषेत माहिती गूगलमध्ये ‘असते’. कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कशाच्या आधारे लिहिले हे प्रश्न त्या क्रियापदातच गाळले गेले आहेत. ग्रंथालयातील कपाटाचे नाव संदर्भ म्हणून देणे जसे हास्यास्पद, तसेच हेही. परंतु कपाटाचे क्रियापद झाले नव्हते, म्हणून ती चूक कोणी केली नाही. ‘नोट्स झेरॉक्स केल्या’ या वाक्यात अभ्यास झाल्याचा जो भास असतो, तोही याच जातीचा.

दुसरे उदाहरण ‘कळवणे’ या क्रियापदाचे आहे, आणि तेथे मला स्वतःच्या चुकीचा दाखला द्यावा लागतो. एका सत्रात अंतर्गत चाचणीची तारीख मी एक दिवस अलीकडे आणली व तशी सूचना वर्गाच्या ग्रुपवर टाकली. चाचणीला एक विद्यार्थिनी आली नाही. दुसऱ्या दिवशी ती जुन्या तारखेप्रमाणे वेळेवर हजर झाली. तिच्या घरी एकच फोन होता आणि तो कामावर जाणारा भाऊ घेऊन जात असे. ‘मी कळवले होते’ असे मी तिला म्हणालो. ती काही बोलली नाही. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते, पण ते खरे नव्हते. ‘कळवणे’ हे ‘कळणे’चे प्रयोजक रूप आहे. समोरच्याला कळले तरच ‘कळवले’ असे म्हणता येते. मी कळवले नव्हते, मी टाकले होते. तिची चाचणी पुन्हा घेतली, पण ते वाक्य मनातून गेले नाही.

कळवणे, समजावणे, पटवणे, दाखवणे या प्रयोजक क्रियापदांत मराठीने कर्त्यावर एक जबाबदारी टाकली आहे. कृती समोरच्यापर्यंत पोहोचेपर्यंत ती पूर्ण होत नाही. ‘व्हॉट्सअ‍ॅप करणे’ व ‘ग्रुपवर टाकणे’ या क्रियापदांत कृती पाठवणाऱ्याच्या अंगठ्यापाशी पूर्ण होते. नव्या शब्दाने जुन्याची जागा घेतली तर शब्दाबरोबर ही जबाबदारीही सुटते. शिक्षणसंस्था, कार्यालये, रुग्णालये या ठिकाणी हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही. ‘सूचना दिली होती’ या वाक्याचा अर्थ त्यावर ठरतो.

येथे एक आक्षेप संभवतो. ‘पाठवणे’ हे क्रियापदही पोहोचण्याची हमी देत नाही, मग दोष नव्या शब्दालाच का द्यावा? आक्षेप रास्त आहे. परंतु पत्र पाठवणारा ‘पाठवले’ आणि ‘कळवले’ असे दोन शब्द वेगळे वापरू शकत होता. त्याच्याकडे भेद दाखवण्याची सोय होती. तक्रार नवा शब्द आल्याची नाही. त्याच्यामागे जुने भेद वापरावाचून पडून राहण्याची आहे.

निष्कर्ष

१. वस्तू विकणाऱ्या नाममुद्रा मराठीत सामान्यनामे झाल्या, तर कृती पुरवणाऱ्या नाममुद्रा क्रियापदे होत आहेत. ‘झेरॉक्स’ हा या दोहोंमधील दुवा होय.

२. कर्मणी प्रयोगाच्या कसोटीवर ‘व्हॉट्सअ‍ॅप करणे’, ‘फोनपे करणे’ ही खरी संयुक्त क्रियापदे ठरतात. त्यांची घडण ‘खर्च करणे’ या जुन्या क्रियापदासारखीच आहे. ‘गुगलणे’ हे नामधातूच्या पायरीपर्यंत पोहोचले आहे.

३. ‘करणे’ व ‘वर टाकणे’ यांतील भेद मराठी भाषकांनी स्वतः निर्माण केला असून तो एकाकडे रोखलेली कृती व समुदायासमोरची कृती यांतील भेद दाखवतो.

४. व्याकरणाने आपलासा केलेला शब्द अर्थाने व कायद्याने परक्या मालकाचा राहू शकतो. म्हणून ‘भाषा प्रवाही असते’ एवढे म्हणून भागत नाही.

५. धोका शब्दसंग्रहाला नसून क्रियापदांतील अर्थभेदांना आहे. शोधणे व पडताळणे, टाकणे व कळवणे यांतील अंतर जपणे हे भाषाशिक्षकाचे काम आहे.

मोल्सवर्थने १८३१ च्या कोशात बोलीतले व व्यवहारातले शब्द मोकळेपणाने घेतले. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’नेही विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात निरनिराळ्या बोलींतील शब्दांना स्थान दिले. आज मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे, विदर्भातच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. अशा वेळी बाजारात, वर्गात व घरात घडणाऱ्या या नव्या क्रियापदांची तारीखवार, स्थळवार नोंद होणे अगत्याचे आहे. ऑर्कुटबरोबर गेलेल्या शब्दप्रयोगांची अशी नोंद करण्याची वेळ आपण दवडली. उत्तरपत्रिकेत ‘गूगल केले’ असे दिसले तर लाल शाईने ते खोडून ‘शोधले’ असे लिहिणे सोपे आहे. त्याऐवजी समासात ‘म्हणजे नेमके काय केले?’ असे विचारावे. उत्तर देताना विद्यार्थ्याला योग्य ते मराठी क्रियापद स्वतःच हुडकावे लागेल.